बिडी सोडल्यानंतरचे पहिले तीन आठवडे

— ऊस विकास अधिकारी, कळंबा गट



या अंकात लागण, खोडवा किंवा हुमणी सोडून बिडीविषयी लिहितो आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बांधावर जे विचारले जाते त्याचे उत्तर देणे हे शेतकी खात्याच्या माणसाचे काम आहे. उसाच्या नोंदी घेत कळंबा, पाचगाव, कंदलगाव, गिरगाव, नंदवाळ या बाजूला फिरताना खताच्या प्रश्नाच्या खालोखाल एक तक्रार हमखास कानावर येते. ती अशी :

"साहेब, डॉक्टरनं सांगितलं म्हणून बिडी सोडली, आन् सोडल्यावरच आजारी पडलो की! आधी बरा हुतो. आता खोकला वाढला, झोप न्हाई, पोट साफ हुईना. बिडी अंगाला लागू पडलीय माझ्या. परत धरली."

असे सांगणारा माणूस मनाचा कच्चा नसतो. दुष्काळात ऊस जगवलेला, कर्जाचे हप्ते फेडलेला, पोरींची लग्ने केलेला हा माणूस. तो बिडीपुढे हरला नाही, तो निदान चुकल्यामुळे हरला. शरीर दुरुस्तीला लागल्याची जी लक्षणे होती, ती त्याने रोगाची लक्षणे समजली आणि दहाव्या-बाराव्या दिवशी, त्रास उतरणीला लागलेला असताना, काडी ओढली. बिडी सोडल्यावर अंगात काय काय होते, ते का होते आणि किती दिवस टिकते, एवढे आधी माहीत असते तर त्यांतले बरेच जण तरले असते. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, शेतकीची पदविका घेतलेला माणूस आहे. जे वैद्यकशास्त्रात पक्के झालेले आहे तेवढेच आपल्या भाषेत मांडतो.

बिडीतून आत काय जाते

तंबाखू आपल्या भागाला नवी नाही. निपाणी, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात बिडीची तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या पिकली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीला शेतकरी रस्त्यावर बसले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पुढे पाणी आले तसा बऱ्याच रानांतून तंबाखू जाऊन ऊस आला. ज्यांनी हे पीक केले त्यांना ठाऊक आहे की तंबाखूचा शेंडा खुडतात. शेंडा खुडला की पान जाड होते आणि त्यातला कडकपणा वाढतो. हा कडकपणा म्हणजेच निकोटीन. ते झाडाच्या मुळात तयार होते आणि वर पानात साठते. झाडाने ते किडीपासून आपले रक्षण व्हावे म्हणून केलेले असते. मावा मारण्यासाठी तंबाखूचा काढा फवारण्याची जुनी रीत त्यावरूनच आली.

बिडीचा झुरका घेतला की हे निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचते. मेंदूत त्याला बसायला जागा असतात. तिथे ते बसले की क्षणभर बरे वाटते. रोज बिडी ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागांची संख्या वाढत जाते. मग तेवढ्या जागा भरण्यासाठी पाचाच्या दहा आणि दहाच्या वीस बिड्या होतात. त्यात रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते, म्हणून दोन तास झाले की हात खिशाकडे जातो.

धुरातून दुसरी वस्तू जाते ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे ज्याने दगावतात तोच हा वायू. प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे तो रक्ताला चिकटतो. म्हणजे रक्ताच्या गाडीत प्राणवायूची जागा हा अडवून बसतो. तिसरी वस्तू डांबरासारखा चिकटा. श्वासनळ्यांच्या आत बारीक केसांसारखा लव्हाळा असतो. तो सतत हलत राहून धूळ व कफ वर ढकलतो. धुराने तो लुळा पडतो आणि कफ आतच साचतो.

"सिगारेट वाईट, बिडी पानाची, ती साधी," असे काही जण म्हणतात. हा समज काढून टाकावा. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण टेंभुर्णीचे पान दाट असते, त्यातून हवा खेळत नाही, बिडी विझू पाहते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे एका बिडीमागे निकोटीन, विषारी वायू आणि चिकटा सिगारेटपेक्षा कमी तर जात नाही, बहुधा जास्तच जातो.

मग सोडल्यावर त्रास का?

आपल्याकडे क्षार फुटलेल्या चोपण जमिनी पुष्कळ आहेत. अशा रानात निचऱ्याची नळी टाकली की पहिल्यांदा जे पाणी बाहेर येते ते खारट येते. ते पाणी चाखून कोणी म्हणत नाही की, 'नळी टाकल्यामुळे माझे रान खारट झाले.' खार आधीपासून आत होता, आता बाहेर निघतो आहे, हे शेतकऱ्याला कळते. बिडी सोडल्यावरचा खोकला व कफ हा असाच आहे. लुळा पडलेला लव्हाळा पुन्हा हलू लागतो आणि वर्षांचा साचलेला कफ वर ढकलतो.

त्रासाचा दुसरा भाग निकोटीनच्या रिकाम्या जागांचा. मेंदूत वाढलेल्या जागा रिकाम्या पडतात आणि ओरड करतात. त्यातून चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणे होते. काही आठवड्यांत या वाढीव जागा कमी होतात आणि ओरड थांबते. मधल्या काळात एक जरी बिडी ओढली तरी त्या पुन्हा जाग्या होतात. म्हणून 'दिवसाला एकच' हा मार्ग लांबचा आणि जास्त त्रासाचा आहे. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणारे बहुधा जास्त टिकतात.

दिवसांचा हिशेब

शेवटची बिडी विझवल्यापासून पुढे साधारण असे घडते. माणसागणिक थोडा फरक पडतो.

२० मिनिटे : वाढलेले नाडीचे ठोके व रक्तदाब खाली येऊ लागतात.

१२ ते २४ तास : रक्तातला विषारी वायू उतरून नेहमीच्या पातळीजवळ येतो. प्राणवायू पूर्ववत मिळू लागतो.

दुसरा व तिसरा दिवस : निकोटीन रक्तातून जवळजवळ निघून जाते. त्रास सर्वांत जास्त तो याच दोन दिवसांत. याच सुमारास नाका-तोंडाची चव परत येऊ लागते.

पहिला आठवडा : तलफ, चिडचिड, झोपमोड. पण प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा थोडा हलका.

दुसरा ते चौथा आठवडा : बहुतेक त्रास उतरतात. भूक मात्र वाढलेली राहते. अधूनमधून एखादी जोराची तलफ येते.

२ ते १२ आठवडे : रक्ताभिसरण सुधारते, चढ चढताना दम कमी लागतो.

१ ते ९ महिने : खोकला व धाप कमी होत जाते.

१ वर्ष : हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

१० वर्षे : फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्मा होतो.

या तक्त्यात खरी अवघड जागा एकच, पहिले तीन आठवडे. लागणीनंतर उगवण होईपर्यंत रान जसे उघडे-बोडके दिसते आणि शेजारी हसतात, तसाच हा काळ. त्या वेळी कोणी रान उकरून कांडी पाहत बसत नाही.

कोणता त्रास कशाने, आणि काय करावे

तलफ. ही सतत राहत नाही, लाटेसारखी येते. एक लाट चार-पाच मिनिटांत ओसरते, मग तुम्ही बिडी ओढा की न ओढा. हे ज्याला कळले त्याचे निम्मे काम झाले. तेवढ्या वेळात जागा बदलावी, घोट-घोट पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाकावी, गोठ्यात जाऊन वैरण टाकावी. पाच मिनिटे काढायची आहेत, जन्म काढायचा नाही.

चिडचिड. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पोरांवर, बैलावर, भाजीतल्या मिठावर ओरडतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे. नाहीतर चार दिवसांनी घरातूनच सल्ला येतो, "त्यापेक्षा वडा बाई ती बिडी, पर गप ऱ्हावा!" हा सल्ला कंटाळून दिलेला असतो. घरातल्या माणसांनी आठ दिवस सोसावे. पुढची वर्षे त्यांचीच आहेत.

डोके जड होणे, चक्कर. पहिल्या काही दिवसांत होते. पाणी भरपूर प्यावे, उपाशी राहू नये, उन्हातले जड काम आठवडाभर बेताने करावे.

झोप व चहा. झोप मोडते, विचित्र स्वप्ने पडतात. याला निकोटीन जाणे हे एक कारण आहेच, पण दुसरे कारण फारसे कोणाला ठाऊक नसते. ते म्हणजे चहा. बिडीच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले उत्तेजक द्रव्य भराभर संपवते. धूर बंद झाला की तेच द्रव्य रक्तात जास्त वेळ राहते. म्हणजे पूर्वीइतकेच सहा कप घेतले तरी अंगात त्याचा जोर जास्त होतो. छाती धडधडते, हात थरथरतो, रात्री डोळा लागत नाही आणि माणूस म्हणतो, बिडी सुटल्यामुळे झाले. बिडी सोडली त्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणावा आणि संध्याकाळनंतर घेऊ नये. शिवाय चहा आणि बिडी ही जोडी असते. चहाच्या टपरीवर बसले की बिडीची आठवण येणारच. पहिले तीन आठवडे चहा घरी घ्यावा.

खोकला व कफ. वर सांगितल्याप्रमाणे हा निचरा आहे. कोमट पाणी प्यावे, वाफ घ्यावी, कफ गिळू नये, बाहेर टाकावा. खोकला दाबण्याचे औषध आपल्या मनाने घेऊ नये.

तोंड येणे, घसा खवखवणे. काहींना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होते. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात, तिखट कमी करावे. आपल्याकडे तांबडा रस्सा कमी करा म्हणणे धाडसाचे आहे, पण पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे.

पोट साफ न होणे. पहाटे बिडी ओढल्याशिवाय परसाकडे होत नाही, असे सांगणारे सभासद गावोगाव आहेत. ते खोटे बोलत नाहीत. निकोटीन आतड्याला चाळवते. वर्षानुवर्षे त्या चाबकाने चाललेला बैल चाबूक गेला की थोडा थांबतो, मग आपणहून चालू लागतो. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, ताक आणि सकाळी मैल-दोन मैल चालणे एवढ्यावर बहुतेकांचे दोन ते तीन आठवड्यांत ठीक होते. कळंबा तलावाच्या कडेने सकाळी फिरायला जाणाऱ्यांची सोबत धरावी.

भूक व वजन. निकोटीन भूक मारते. ते गेले की भूक उघडते, जिभेला चव येते आणि हाताला चाळा हवा असतो. तिन्ही मिळून वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते. बिडीच्या नुकसानीपुढे ही वाढ क्षुल्लक आहे, पण ती मर्यादेत ठेवता येते. तोंडाला चाळा म्हणून फुटाणे, काकडी, गाजर, मुळा, पेरू घ्यावा. साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहिणे बरे दिसत नाही, तरी सांगतो, बिडीच्या जागी साखर व गूळ येऊ देऊ नये. गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांनी विशेष सांभाळावे.

उदासपणा. काहींना काही दिवस कशातच मन लागत नाही. नेहमीची सोबतीण गेल्यासारखे वाटते. चारचौघांत बसावे, कामात राहावे. हे दोन-तीन आठवड्यांपुढे टिकले, जेवण-झोप सुटली किंवा जिवाचे बरे-वाईट करण्याचे विचार आले, तर लाजू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.

हे त्रास मात्र बिडी सोडल्याचे नव्हेत

प्रत्येक दुखणे 'बिडी सुटल्याचे' म्हणून अंगावर काढणेही तितकेच धोक्याचे आहे. पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये.

१) छातीत दुखणे, कळ खांद्यात किंवा डाव्या हातात जाणे, घाम सुटणे. तत्काळ दवाखाना.

२) थुंकीतून रक्त पडणे.

३) दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे. बिडी ओढणाऱ्यांत क्षयरोग जास्त आढळतो. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आपले प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शहरात सी.पी.आर. रुग्णालय आहे.

४) तोंडात न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, आवाज बसलेलाच राहणे.

ज्यांना मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मानसिक आजाराची औषधे चालू आहेत त्यांनी बिडी सोडल्याचे डॉक्टरांना सांगावे. धूर बंद झाल्यावर काही औषधांची मात्रा बदलावी लागते.

बिडी सोडली आणि चंची धरली

हा आपल्या भागातला मोठा खड्डा आहे. बिडीची तलफ मारण्यासाठी माणूस तंबाखू मळायला लागतो आणि सहा महिन्यांनी अभिमानाने सांगतो, बिडी सुटली. सुटली खरी, पण निकोटीन सुटले नाही, फक्त वाट बदलली. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दर १०० प्रौढांमागे ओढणारे सुमारे ४ आणि तोंडात तंबाखू ठेवणारे सुमारे २४ आढळले. म्हणजे आपले दुखणे धुरापेक्षा चुन्याचे जास्त आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मळलेल्या तंबाखूला कोण अडवणार? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, अंजनीचे आर. आर. आबा पाटील यांना २०१५ साली तोंडाच्या कर्करोगाने नेले. शरद पवारसाहेबांवर २००४ साली त्याच रोगाची शस्त्रक्रिया झाली आणि ही सवय वेळेवर सुटली नाही याची खंत त्यांनी पुढे जाहीर सभांतून सांगितली आहे. एवढ्या मोठ्या माणसांना जे चुकले नाही ते आपल्याला चुकेल, हा हिशेब धरू नये.

भगिनींनाही एक शब्द. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती दाताला लावली म्हणजे दातापुरती राहत नाही, हिरडीतून रक्तात जाते. मिश्री सोडल्यावर डोके ठणकणे, चिडचिड, पोट साफ न होणे हे बिडीसारखेच होते आणि त्याच हिशेबाने दोन-तीन आठवड्यांत उतरते. डोके दुखते म्हणून मिश्री लावायची आणि मिश्री उतरली की डोके दुखायचे, हे चक्र तोडायला तेवढेच दिवस लागतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर ती आजच टाकावी.

रात्रीचे पाणी आणि बांधावरची संगत

शहरातल्या माणसाला सांगितलेले उपाय आपल्याला पुरत नाहीत. रात्रीची वीज असली की मोटर सुरू करून सरी-सरीने पाणी पाजत माणूस एकटा रानात असतो. थंडी, झोप, जनावराची भीती, त्यात बिडी ही सोबत वाटते. पहिले तीन आठवडे रात्रीच्या पाळीला शक्यतो जोडीदार घ्यावा आणि तो बिडी न ओढणारा पाहावा. खिशात फुटाणे-शेंगदाणे, बरोबर चांगली बॅटरी आणि अंगावर घोंगडे असावे. काडेपेटी खिशात ठेवूच नये. उसाच्या वाळल्या पाल्यात पडलेल्या एका थोटकाने फडच्या फड पेटतात. जळीत ऊस घाईने तोडावा लागतो, वजन आणि उतारा घटतो, कपात सोसावी लागते. बिडी सुटली की ही टांगती तलवारही जाते.

दुसरी अडचण संगतीची. आपल्यात बिडी पुढे करणे हा मान देण्याचा प्रकार आहे. मुकादम, गाडीवान, गुऱ्हाळावरचा गुळव्या, पाण्याच्या पाळीवरचा शेजारी, कोणी ना कोणी बंडल पुढे करतोच. "एकीनं काय हुतंय?" असे तो प्रेमाने म्हणतो. त्याला रागावू नये. "दादा, सोडलीय, तुमची आठवण म्हणून बडीशेप खातो," असे म्हणून विषय संपवावा. दोन-तीन वेळा नकार दिला की चौथ्यांदा कोणी विचारत नाही. आणि ओढणाऱ्यांनीही एवढे पाळावे, ज्याने सोडली आहे त्याच्यापुढे बंडल धरू नये. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८ पासून कायद्याने बंदी आहेच. सोसायटीच्या कट्ट्यावर आणि वजनकाट्याच्या रांगेत ती पाळली तरी कितीतरी जणांना बळ येईल.

दिवस कोणता निवडावा, असेही विचारतात. "हंगाम संपू दे, मग बघू," म्हणणाऱ्याचा हंगाम कधी संपत नाही. तोड चालू असण्याचे आठ-दहा दिवस टाळावेत एवढेच. बाकी घरात सांगून एक तारीख धरावी, आदल्या रात्री बंडल, काडेपेटी, चंची सगळे बाहेर काढावे आणि सकाळपासून एकदम सोडावे. चुकून एखादी ओढली गेली तर 'आता गेलेच सगळे' म्हणून बंडल आणू नये. एक नांगा पडला म्हणून कोणी सगळा ऊस मोडत नाही. नांगा भरून घेतो आणि पुढे जातो.

मदत कोठे मिळेल

ज्यांना उठल्या-उठल्या अर्ध्या तासात बिडी लागते किंवा दिवसाला एक-दोन बंडले लागतात, त्यांना नुसत्या निश्चयावर जास्त जड जाते. अशांनी औषधाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये. औषधाच्या दुकानात निकोटीनच्या गोळ्या मिळतात. त्या च्युइंगमसारख्या असतात, पण खाण्याची रीत वेगळी आहे. हळू चावावी, झणझणीत लागली की गालात दाबून ठेवावी, चव गेली की पुन्हा चावावी. भराभर चावून गिळले तर उचकी लागते, मळमळते. लगेच आधी चहा घेऊ नये. तंबाखू चालू ठेवून ही गोळी खाऊ नये. हृदयविकार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. याखेरीज तलफ कमी करणारी इतर औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा २०१६ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून हाच क्रमांक छापला जातो. पाकीट टाकून देण्याआधी तेवढा टिपून घ्यावा.

'आता या वयात सोडून काय उपयोग?'

साठी ओलांडलेले सभासद हे विचारतात. त्यांच्यासाठी एक आकडेवारी देतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी १९५१ साली डॉक्टर लोकांचीच नोंद सुरू केली. ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टर, त्यांतले कोण ओढतो, कोण सोडतो, कोण किती जगतो, याचा हिशेब पन्नास वर्षे ठेवला. त्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. ओढत राहणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी १० वर्षे आधी जातो. तिशीत सोडणाऱ्याची जवळजवळ सगळी १० वर्षे वाचतात, चाळिशीत सोडणाऱ्याची सुमारे ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडली तरी ३. हे डॉल स्वतः आधी सिगारेट ओढत असत. फुप्फुसाच्या कर्करोगावरचे पहिले आकडे हाती येताच त्यांनी ती सोडली आणि ते नव्वदी पार करून २००५ साली वारले.

साठीतल्या माणसाला तीन वर्षे म्हणजे काय? एक लागण आणि तिचा खोडवा, नातवाची दहावी-बारावी, पंढरीच्या तीन वाऱ्या. एकवीस दिवसांच्या त्रासाला एवढे मिळत असेल तर हा सौदा तोट्याचा नाही.

सभासदांना विनंती की, वरील दिवसांचा हिशेब कापून घरात दाराच्या मागे चिकटवावा, आणि घरातल्या माणसांनाही वाचून दाखवावा. सोडणाऱ्याने रोज रात्री एक फुली मारावी. खोकला आला, झोप उडाली, पोट अडले, तर आधी तक्त्यात पाहावे की आज कितवा दिवस आहे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असेल. ज्यांच्या एकवीस फुल्या पूर्ण होतील त्यांनी गट कार्यालयात जरूर सांगावे. दुसऱ्या कोणा सभासदाला धीर द्यायला त्यांच्याइतका उपयोगी माणूस आमच्याकडे नाही.